एडिंबरा: पायी पाहावयाची नगरी

ब्रिटनच्या प्रवासाचा हिशेब मांडावयास बसले म्हणजे विश्रामगृहांची भाडी आणि आगगाडीची तिकिटे यांनीच कागदाचा बराचसा भाग व्यापला जातो, आणि ज्या पतिपत्नींच्या हाती मोजकेच पाउंड आहेत त्यांना अशी चिंता वाटू लागते की, राहण्याजाण्यातच एवढे द्रव्य वेचल्यावर प्रत्यक्ष स्थलदर्शनासाठी शिल्लक ती काय राहणार. स्कॉटलंडची राजधानी जी एडिंबरा, तिच्यापुरती तरी ही चिंता अनाठायी आहे. या नगरीत जे पाहिल्यावाचून परत येऊ नये असे आहे त्यातील फार मोठा भाग लोकांच्या सामायिक मालकीचा आहे. तिचे डोंगर, तिच्या गल्ल्या, तिची मोठी संग्रहालये, तिचे विधिमंडळ, तिच्या न्यायसभेचा जुना दिवाणखाना, यांपैकी कशालाही प्रवेशशुल्क नाही. हे सारे एका दिवसात, पायी, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे अशा क्रमाने पाहिले असता नगरीची घडण आपोआप उलगडत जाते, म्हणून तोच क्रम येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम ऋतूविषयी. ऑगस्ट महिना टाळावा. दुसरे महायुद्ध संपल्यावर, 1947 साली, येथे संगीत-नाट्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, आणि त्याच वर्षी निमंत्रण नसताही आठ नाटकमंडळ्या आपण होऊन आल्या व मिळतील त्या जागी त्यांनी प्रयोग केले. त्या आगंतुकांच्या परंपरेतून ‘फ्रिंज’ नावाचा जो दुसरा महोत्सव वाढला तो आज मूळ महोत्सवाहूनही विस्ताराने मोठा आहे, आणि त्या दिवसांत राहण्याच्या जागेचे दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातात. मे किंवा सप्टेंबर हे महिने उत्तम. डिसेंबरात येथील दिवस जेमतेम सात तासांचा असतो, जूनमध्ये तो साडेसतरा तासांपर्यंत लांबतो. संग्रहालये मात्र बारा महिने साधारणतः सायंकाळी पाचला बंद होतात, त्यामुळे छपराखालची स्थळे पाचच्या आत आणि डोंगर त्यानंतर, अशी दिवसाची वाटणी उन्हाळ्यात सहज साधते.

वेव्हर्ली स्थानकावर उतरून चढ चढत किल्ल्यापुढील मैदानावर जावे आणि तेथे थोडा वेळ नुसते उभे राहावे, कारण सबंध नगरीचे मूळ पायाखालीच आहे. किल्ला ज्या खडकावर बसला आहे तो सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीच्या नळीत थिजून राहिलेल्या लाव्हाचा आहे. जातीने तो आपल्या रायगडाच्या काळ्या कातळासारखाच, परंतु वयाने त्याच्या पाचपट. हिमयुगात जेव्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे बर्फाचे प्रचंड थर सरकत गेले तेव्हा भोवतालचा मऊ खडक त्यांनी खरवडून नेला. या कठीण सुळक्यापुढे मात्र त्यांचे काही चालले नाही, आणि सुळक्याच्या पाठीशी, पूर्वेच्या बाजूस, जो मऊ खडक त्याच्या आडोशाने वाचला त्याची एक लांब, निमुळती, हळूहळू उतरत जाणारी सोंड तयार झाली. त्या सोंडेच्या पाठीवरून जाणारा रस्ता तो ‘रॉयल माइल’. माथ्याशी किल्ला, पायथ्याशी होलिरूडचा राजवाडा, आणि मध्ये सुमारे 1.8 किलोमीटरचा उतार. नगररचना मनुष्याने केली हे खरे, परंतु रेघ बर्फाने आखून दिली होती. म्हणूनच चालण्यास आरंभ माथ्यापासून करावा: इतिहासही त्याच दिशेने उतरत गेला आहे आणि पायांनाही ते सोईचे पडते.

किल्ल्याच्या आत जावे की नाही, हा प्रश्न पतिपत्नींमध्ये येथे हटकून निघतो. दोघांची तिकिटे काढली तर दिवसभराच्या इतर साऱ्या खर्चाहून ती रक्कम बहुधा अधिक भरते. आत पाहण्यासारखे आहे यात संशय नाही. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने बांधलेले सेंट मार्गारेटचे इवलेसे प्रार्थनामंदिर, ‘मॉन्स मेग’ ही पंधराव्या शतकातील अजस्र तोफ, आणि स्कॉटलंडची राजचिन्हे, जी 1707 साली इंग्लंडशी संयोग झाल्यावर पेटीत बंद झाली आणि 1818 साली कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याच्या खटपटीने पुन्हा उजेडात आली, ही सर्व तेथे आहेत. स्कॉट राजांच्या अभिषेकाची पुरातन शिळा मात्र 2024 पासून पर्थ येथील संग्रहालयात नेऊन ठेवली आहे. माझा अभिप्राय असा की, एकच दिवस आणि तुटपुंजा पैसा असेल तर किल्ला बाहेरूनच पाहावा. दक्षिणेकडील ग्रासमार्केटच्या बाजारातून किंवा उत्तरेकडील प्रिन्सेस स्ट्रीटच्या उद्यानातून वर पाहिले असता कातळ कोठे संपतो आणि तट कोठे सुरू होतो हे डोळ्यांना कळेनासे होते. ते दृश्य आत शिरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

मैदानातून खाली उतरताच डाव्या हाताला ‘आउटलुक टॉवर’ नावाचा मनोरा लागतो. त्यात हल्ली तिकीट लावून करमणुकीची साधने मांडली आहेत, ती सोडून द्यावी. परंतु मनोऱ्यापाशी क्षणभर थांबल्यावाचून मराठी माणसाने पुढे जाऊ नये, कारण तो ज्यांचा होता ते पॅट्रिक गेडिस पुढे मुंबई विद्यापीठात आले. त्यांचे कार्य समजावयाचे तर आधी जुन्या नगरीची दैना समजली पाहिजे. 1513 साली फ्लॉडनच्या रणात स्कॉट सैन्याचा संहार झाला, राजा चौथा जेम्स स्वतः पडला, आणि इंग्रजांच्या स्वारीच्या धास्तीने नगरीभोवती तट घालण्यात आला. सोंड मुळातच अरुंद, तीवर तटाची मर्यादा, आणि लोकवस्ती तर वाढतच चाललेली. तेव्हा घरे आडवी पसरण्याऐवजी उभी चढू लागली आणि उतारावर दहा-दहा मजल्यांची घरे उभी राहिली. एकाच जिन्याने न्यायाधीश, व्यापारी आणि हमाल ये-जा करीत. पुढे 1759 पासून उत्तरेकडचे तळे उपसण्यास प्रारंभ झाला, 1767 साली जेम्स क्रेग या तरुण शिल्पज्ञाचा सरळ, प्रशस्त रस्त्यांचा आराखडा मंजूर झाला, तळ्यापलीकडे ‘न्यू टाउन’ वसले, आणि ज्याच्या गाठी पैसा होता तो प्रत्येक जण तिकडे निघून गेला. मागे राहिले ते निर्धन लोक. एकोणिसाव्या शतकात ही उंच घरे कोंदट, अंधारी आणि रोगराईने ग्रासलेली झाली, आणि ती सरसकट पाडून टाकावी असे सुशिक्षितांचेही मत बनत चालले.

अशा वेळी, 1886 साली, गेडिस आणि त्यांची नवपरिणीत पत्नी ॲना ही दोघे न्यू टाउनमधील सुखवस्तू बिऱ्हाड न थाटता रॉयल माइलच्याच लॉनमार्केट या भागातील जेम्स कोर्ट या जुनाट चौकात येऊन राहिली. याच चौकात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डेव्हिड ह्यूम हा तत्त्ववेत्ता राहत असे, परंतु आता तेथे दारिद्र्यच नांदत होते. शेजाऱ्यांना हाताशी धरून या दांपत्याने भिंतींना चुना दिला, अंगणे झाडली, खिडक्यांत फुलझाडे लावली, आणि हळूहळू गेडिस यांच्या मनात तो सिद्धांत आकाराला आला ज्याला त्यांनी पुढे शस्त्रक्रियेची उपमा दिली: जुने नगर सुधारावयाचे तर ते उलथून टाकू नये, रोगट तेवढाच भाग नेमका काढावा, त्या जागी लहानशी बाग किंवा चौक करून हवा-उजेडाला वाट द्यावी आणि बाकीचे जिवंत ठेवावे. 1892 साली त्यांनी हा मनोरा घेतला आणि त्यात असे प्रदर्शन मांडले की प्रेक्षकाने आधी गच्चीवरून आपली नगरी डोळ्यांनी पाहावी, मग एकेक मजला उतरत आपला देश, मग युरोप, मग सर्व जग यांचा परिचय करून घ्यावा. 1914 साली ते हिंदुस्थानात आले, अनेक संस्थानांतील व इलाख्यांतील शहरांचे त्यांनी पायी फिरून निरीक्षण केले व अहवाल लिहिले. ॲनाबाईंचे 1917 साली हिंदुस्थानातच देहावसान झाले. आणि 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापकपद गेडिस यांना मिळाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये, ज्यांनी पुढे या विषयात अखिल भारतीय कीर्ती मिळवली, ते त्यांचेच विद्यार्थी. आमच्या शहरांतील जुने वाडे आणि चाळी यांविषयी जेव्हा जेव्हा पाडावे की राखावे हा वाद निघतो, तेव्हा जेम्स कोर्टात घडलेला हा प्रयोग ध्यानी घेणे अगत्याचे आहे, असे मला मनापासून वाटते.

तेथून दोन पावलांवर लेडी स्टेअर्स क्लोज नावाच्या बोळात नगरपालिकेचे लेखक-संग्रहालय आहे. बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या तिघांच्या वस्तू व हस्तलिखिते तेथे विनामूल्य पाहावयास मिळतात. हे बोळ हीच जुन्या नगरीची खरी संपत्ती होय. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ते निघतात आणि सोंडेच्या कडेवरून धाडकन खाली उतरतात. ॲडव्होकेट्स क्लोज या बोळाच्या तोंडाशी उभे राहिले की दोन भिंतींच्या अरुंद फटीतून खालच्या सखल भागापलीकडे स्कॉटचे 61 मीटर उंचीचे स्मारक दिसते. त्या सखल भागातच पूर्वी तळे होते, आणि न्यू टाउनच्या पायांतून निघालेली माती गाड्यांनी आणून टाकता टाकता त्यावर जो बांध तयार झाला त्यावरच आज राष्ट्रीय चित्रसंग्रहालय उभे आहे. तेही विनामूल्य.

सेंट जाइल्सचे मोठे मंदिर, त्याचा मुकुटाकार कळस आणि 1911 साली पूर्ण झालेले, कोरीव लाकूडकामाने दाटलेले थिसल प्रार्थनागृह ही पाहून होताच बहुतेक प्रवासी पुढे निघून जातात. आपण मात्र मंदिराच्या मागील चौकात जावे. तेथे 1639 साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटसाठी बांधलेला दिवाणखाना आहे. 1707 साली ते पार्लमेंट संपुष्टात आले आणि वास्तू न्यायखात्याकडे गेली. आज कामकाजाच्या दिवशी, दारावरची तपासणी आटोपून, कोणालाही आत जाता येते. डोईवर भव्य लाकडी तुळयांचे छत, आणि खाली काळे झगे घातलेले वकील जोडीजोडीने या टोकापासून त्या टोकापर्यंत शतपावली करीत मसलत करीत असतात. चालत बोलले म्हणजे तिसऱ्याच्या कानी काही पडत नाही, म्हणून ही वहिवाट पडली. शेजारच्या रस्त्यावर फरसबंदीत हृदयाची आकृती बसवली आहे, ती 1817 साली पाडलेल्या जुन्या तुरुंगाची खूण.

येथून जॉर्ज चौथा याच्या नावाच्या पुलावरून दक्षिणेकडे वळून चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालय गाठावे आणि दीड-दोन तास तेथे निश्चिंतपणे घालवावे. लोखंडी खांबांचा आणि काचेच्या छताचा तो प्रशस्त प्रकाशमय मंडप पाहूनच मन प्रसन्न होते. 1996 साली एडिंबऱ्याजवळच्या रॉस्लिन संस्थेत जन्मलेली डॉली नावाची मेंढी, प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून निर्माण झालेला पहिला सस्तन प्राणी, मृत्यूनंतर येथे पेंढा भरून ठेवली आहे. त्याहून मला अधिक ओढ लागली ती लुईस बेटावर 1831 साली सापडलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांची. बाराव्या शतकात, बहुधा नॉर्वेत, वॉलरसच्या दातांतून त्या कोरल्या गेल्या. एकूण 93 वस्तूंपैकी 82 लंडनला गेल्या आणि 11 येथे आहेत. आपल्या पटावर जेथे वजीर असतो तेथे गालावर हात टेकून चिंतामग्न बसलेली राणी आहे, आणि उंटाच्या जागी धर्मगुरू. हिंदुस्थानातून निघालेला हा खेळ इराण व अरबस्तान ओलांडून युरोपच्या अगदी उत्तर टोकाला पोहोचेपर्यंत किती वेष बदलत गेला हे त्या वीतभरही नसलेल्या आकृती सांगतात.

दुपारी एकच्या आधी संग्रहालयाच्या गच्चीवर जावे. रविवार नसेल तर बरोबर एकला किल्ल्यावरून तोफ होते, आणि तिची हकीकत मोठी उद्बोधक आहे. लीथ बंदरातील जहाजांना आपली घड्याळे बिनचूक लावता यावीत म्हणून 1852 साली कॅल्टन हिलवरील नेल्सन-मनोऱ्याच्या शिखरावर एक गोळा बसवण्यात आला, जो एकच्या ठोक्याला खाली पडे आणि नाखुदे दुर्बिणीतून तो पाहत. घड्याळ चुकले तर समुद्रावर रेखांश चुकतो, आणि रेखांश चुकला तर जहाज खडकावर जाते, इतके त्या क्षणाचे महत्त्व. परंतु पूर्वेच्या समुद्रावरून येथे वारंवार दाट धुके चढते, ज्याला तेथील लोक ‘हार’ म्हणतात, आणि धुक्यात गोळा दिसेना. म्हणून 1861 पासून तोफेची जोड देण्यात आली आणि वेधशाळेच्या घड्याळापासून किल्ल्यापर्यंत विजेची तार ओढण्यात आली. तथापि ध्वनीला एक किलोमीटर जावयास सुमारे तीन सेकंद लागतात; लीथला आवाज पोहोचेतो दहा सेकंद उलटलेली असत, तेव्हा किल्ल्याभोवती वर्तुळे काढून कोठे किती सेकंद वजा करावीत हे दाखवणारा नकाशाच छापण्यात आला. संग्रहालयाच्या गच्चीवर तोफ दोनेक सेकंद उशिरा ऐकू येते.

भोजनाविषयी थोडक्यात. दुकानांतून सँडविच, पेय आणि काही खाऊ मिळून एकाच किमतीला देतात, तो घ्यावा, किंवा बरोबर नेलेल्या दशम्या सोडाव्यात. पाणी नळाचे निर्धास्त प्यावे. स्कॉटलंडचे हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसांत ओट मिसळून करतात, पण शाकाहारी मंडळींसाठी डाळी व कंदमुळे घातलेले हॅगिसही आता सर्वत्र मिळते, आणि ते चवदार असते. बसायला जागा, रॉयल माइलवर परतून, तिच्या खालच्या भागात म्हणजे कॅननगेटवर, डनबार्स क्लोजच्या आत शोधावी: सतराव्या शतकाच्या धर्तीवर आखलेली ती लहानशी बाग रस्त्यावरून दिसतही नाही, आणि गेडिस यांना अभिप्रेत होती तशीच आहे. पाय थकले असल्यास बस घ्यावी. येथील बससेवा मुख्यतः नगरपालिकेच्याच मालकीची असून शहरात अंतर कितीही असले तरी भाडे एकच.

कॅननगेट हा पूर्वी स्वतंत्र कसबा होता. 1591 सालची त्याची कचेरी, जेथे जकात वसूल होई, न्याय होई आणि कैदीही राहत, तेथे आता सामान्य जनांच्या जीवनाचे संग्रहालय आहे. जवळच्या स्मशानभूमीत अर्थशास्त्राचा जनक ॲडम स्मिथ चिरनिद्रा घेत आहे, आणि तेथेच रॉबर्ट फर्ग्युसन हा चोविसाव्या वर्षी वारलेला कवी आहे, ज्याच्या निनावी थडग्यावर रॉबर्ट बर्न्सने पदरमोड करून शिळा बसवली.

उताराच्या शेवटी राजवाड्यासमोर स्कॉटलंडचे नवे विधिमंडळ आहे. जे पार्लमेंट 1707 साली लयाला गेले ते 1999 साली पुन्हा भरले, आणि 2004 साली या वास्तूत आले. स्पॅनिश शिल्पज्ञ एनरिक मिरालेस याने ती कल्पिली, पण पूर्ण झालेली पाहावयास तो हयात नव्हता. तिचा खर्च 41 कोटी पाउंडांवर गेल्याने त्या काळी मोठे काहूर उठले होते. आत जाऊन सभागृह पाहण्यास मज्जाव नाही. सकाळी पाहिलेला दिवाणखाना आणि हे सभागृह, यांमध्ये तीन शतकांचे अंतर आणि अर्ध्या तासाची चाल आहे.

मागे उभे असलेले डोंगर हेच या दिवसाचे शिखर. सॉल्सबरी क्रॅग्ज या उभ्या कड्यांकडे जेम्स हटन या एडिंबऱ्याच्याच विद्वानाने अठराव्या शतकात ज्या दृष्टीने पाहिले त्या दृष्टीने मनुष्यजातीची कालाची कल्पनाच पालटली. खडक सारे पुराणकालीन महासागरात निवळत बसलेल्या गाळाचे बनले, असे त्या वेळच्या पंडितांचे मत होते. हटन यांनी दाखवले की कड्याचा काळा खडक खालच्या गाळाच्या थरांमध्ये घुसला आहे, त्यांचे तुकडे त्याने उचकटून वर उचलले आहेत. अर्थात तो एके काळी वितळलेला व प्रवाही असला पाहिजे, आणि ते थर त्याच्याही आधी घडलेले असले पाहिजेत. एवढ्या घडामोडींना काही हजार वर्षे मुळीच पुरणार नाहीत. 1785 साली त्यांनी आपला सिद्धांत येथील रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि आधुनिक भूशास्त्राचा पाया घातला गेला. कड्यालगतची पायवाट 2018 साली दरड कोसळल्यानंतर बंद करण्यात आली, तेव्हा तेथील सूचना पाळून कडे दुरूनच न्याहाळावेत. अंगी त्राण असेल तर 251 मीटर उंचीचे आर्थर्स सीट चढावे. जोडे चांगले हवेत, वारा माथ्यावर झोंबतो.

सूर्य उतरू लागला की रीजंट रोडने कॅल्टन हिलकडे निघावे. वाटेत ग्रीक धर्तीच्या स्तंभांची जुन्या रॉयल हायस्कूलची वास्तू लागते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे या शाळेचे विद्यार्थी, परंतु ते शिकले तेव्हा शाळा निराळ्या जागी होती. टेकडीवर बारा प्रचंड स्तंभ आणि त्यांवर नुसती तुळई असे एक अपुरे मंदिर आहे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत पडलेल्या वीरांसाठी अथेन्सच्या पार्थेनॉनची प्रतिकृती उभारावी म्हणून 1826 साली काम सुरू झाले आणि वर्गणी सरल्यामुळे 1829 साली थांबले. ते तसेच ठेवले हे योग्य झाले, असे माझे मत आहे. येथून किल्ला, सोंड, राजवाडा, डोंगर आणि समुद्र, दिवसभर चाललेली सारी वाट एका नजरेत येते.

जाता जाता वाचकांना एक विनंती. ही संग्रहालये विनामूल्य आहेत ती तेथील नागरिक कराच्या रूपाने त्यांचा भार वाहतात म्हणून, आणि सेंट जाइल्ससारखी मंदिरे भक्तांच्या व प्रवाशांच्या देणग्यांवर चालतात म्हणून. प्रत्येक दाराशी एक दानपेटी असते. किल्ल्याच्या तिकिटांचे जे पाउंड वाचले त्यांतील दोन-चार उभयतांनी त्या पेट्यांत अवश्य टाकावेत.